मार्क्स-वेबर पहिल्यांदा वाचताय?

अगं घाबरू नको, समाजशास्त्राच्या एम.ए.च्या पहिल्या वर्षी हे दोघे वाचताना सगळेच गोंधळतात. फक्त मार्क्सचं 'भांडवल' (१८६७) पहिल्या पानापासून धरू नकोस, तिथेच बरेच जण अडकतात, आधी कामाच्या दिवसावरचं प्रकरण वाच, मजुरांचे तास कसे ताणले जायचे ते थेट दिसतं. मग वेबर. पैसा, मान आणि सत्ता एकाच हाती असतात असं नाही, हे त्याचं म्हणणं गोव्यात लगेच पटतं, बघ ना, खाणीवर ट्रक लावणाऱ्याकडे पैसा, देवळात मान महाजनांचा (म्हणजे देवळाच्या परंपरागत हक्कदार कुळांचा), आणि पंचायतीत चालतं भलत्याचंच. वर्ग (पैसा), प्रतिष्ठा (मान), पक्ष (सत्ता) हे तीन वेगवेगळे ठेव.

दोन चुका मात्र टाळ:
- धर्मामुळेच भांडवलशाही आली असं वेबर म्हणत नाही.
- वेबरची नोकरशाही म्हणजे नुसती दिरंगाई नव्हे. मामलेदार बदलला तरी फाईल चालू राहते ती नियम आणि हुद्द्यांमुळे.

तिसरा मोठा समाजशास्त्रज्ञ डुर्खाईम, तो पुढच्या सेमला बघू.