ऊन नसलेल्या गॅलरीत काय लावावं?

प्रश्न : आमची गॅलरी उत्तरेकडे आहे. तीनदा तुळस लावली, तिन्ही वेळा किडकिडीत होऊन वाळली. काय चुकतंय? (ठाणे)

उत्तर : तुमचा हात वाईट नाही, जागा तुळशीची नाही. तिला रोज निदान चार-पाच तास थेट ऊन लागतं. ते मिळालं नाही की ती उजेडाच्या मागे उंच जाते, दोन पेरांमधलं अंतर वाढतं, पानं बारीक राहतात. कढीपत्त्याचं आणि गवती चहाचंही तसंच. म्हणून आधी जागा जोखा. दुपारी बारा वाजता कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. पुसट का होईना, सावली उमटली तर पानओवा, पुदिना, नागवेल, आलं, अळू यांतलं काहीही लावा. काहीच उमटलं नाही तर कुंडी कठड्याशी सरकवून पुन्हा बघा. हे वेगवेगळ्या महिन्यांत करावं, कारण मुंबई-पुण्याकडे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला असतो; एरवी उन्हाविना राहणाऱ्या तुमच्या गॅलरीतही तेव्हा थोडं ऊन डोकावतं.

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो, रोज पाणी घालणं होत नाही. कमीत कमी लाड लागणारं झाड सांगा. (पुणे)

उत्तर : पानओवा. वीतभर फांदी घ्या, खालची पानं काढा, दोन पेरं मातीत जातील अशी खोचा. त्याच्या जाड, लुसलुशीत पानांत पाण्याचा साठा असतो, त्यामुळे चार दिवस विसरलात तरी ते रुसत नाही. शेंडे खुडत राहा, झाड डेरेदार होतं आणि भज्यांची सोय होते.

सावलीतली झाडं तहानेने मरत नाहीत हो, पाण्याने मरतात! तिथे माती वाळायला वेळ लागतो आणि आपण वरून रोज तांब्या ओततो. मुळं कुजली की पानं मलूल होतात, मग तहान लागली समजून आणखी पाणी. त्यापेक्षा पेरभर बोट मातीत खुपसा. ओली माती बोटाला चिकटली तर पाणी नको. कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणीही ओतून द्या.

प्रश्न : बाजारातल्या जुडीतला पुदिना रुजतो का?

उत्तर : छान रुजतो. चटणीसाठी पानं खुडल्यावर उरलेल्या जाड काड्या पेलाभर पाण्यात उभ्या ठेवा, खालची पेरं बुडायला हवीत. आठ-दहा दिवसांत पेरांपाशी पांढरी मुळं दिसतात. कुंडी खोल नको, पसरट हवी. पुदिन्याचे धुमारे आडवे पळतात, कडेला अडले की आतल्या आत गोल फिरतात आणि मधला भाग ओका पडतो. तसं झालं की सगळा गड्डा उपटून त्याचे तुकडे नव्या मातीत लावा. शेजारी दुसरं काही लावू नका, पुदिना त्याला जागाच ठेवत नाही.

प्रश्न : आणि कोथिंबीर?

उत्तर : दाट सावलीत नाही. सकाळचं दोन-तीन तास ऊन येत असेल तर धणे हलक्या हाताने रगडून, दोन फाकी करून पेरा.