टेपवर शेवटचेच फोल्डर का सापडते?

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा सुट्या भागांचा कारखाना आहे. लिनक्स सर्व्हरवरील ड्रॉइंग, हिशेब आणि पगारपत्रके यांचा बॅकअप दररोज रात्री अनेक फाइल एकत्र बांधणाऱ्या ‘टार’ या प्रोग्रामच्या तीन स्वतंत्र कमांडने एलटीओ-६ या प्रकारच्या चुंबकीय टेपवर घेतला जातो व अहवालात कधीही त्रुटी दिसत नाही. नुकतेच एक जुने ड्रॉइंग परत घ्यायला गेलो, तर टेपवर फक्त पगारपत्रके सापडली. टेप खराब झाली असेल का? बॅकअपच्या वेळी टेप सतत मागेपुढे होत असल्याचा आवाजही येतो.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या वर्णनावरून टेप खराब असल्याचे दिसत नाही, दोष बहुधा कमांडमध्ये लिहिलेल्या उपकरणाच्या नावात आहे. लिनक्समध्ये एकाच ड्राइव्हला ‘एसटी०’ आणि ‘एनएसटी०’ अशी दोन नावे असतात. पहिले नाव वापरले, की काम संपताच टेप आपोआप सुरुवातीपर्यंत गुंडाळली जाते, त्यामुळे पुढची कमांड आधीच्या माहितीवरच लिहिते, आणि तरीही प्रत्येक कमांड आपल्यापुरती यशस्वी ठरते. अहवाल निर्दोष दिसतो तो यामुळेच. नव्या लेखनाच्या शेवटी पडलेल्या खुणेपलीकडे ड्राइव्ह सहसा वाचत नाही, तेव्हा त्या टेपची आशा न धरता ते ड्रॉइंग डिझायनरच्या संगणकावर शोधावे.

यापुढे टेप पुढेमागे नेणाऱ्या ‘एमटी’ कमांडने टेप आधी सुरुवातीला आणून, ‘एनएसटी०’ हे टेप आपोआप न गुंडाळणारे नाव देऊन तिन्ही कमांड चालवाव्यात. वाचताना ‘एमटी’च्याच ‘एफएसएफ’ या आज्ञेने टेपवरील पुढच्या फाइलवर, म्हणजे पुढच्या ‘टार’ कमांडने लिहिलेल्या बॅकअपवर जाता येते. तिन्ही फोल्डर एकाच ‘टार’ कमांडमध्ये देणे याहून सोपे आहे आणि आपल्या कामाला मला तेच योग्य वाटते. मात्र दर महिन्याला एखादे ड्रॉइंग टेपवरून वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवून, प्रत्यक्ष उघडून पाहावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. नुसत्या अहवालावर विसंबणे कारखान्याला परवडणारे नाही.

आवाजाचे कारण वेगळे आहे. एलटीओ-६ ड्राइव्ह सेकंदाला १६० मेगाबाइटपर्यंत लिहितो. हजारो लहान फाइल वाचताना सर्व्हर मागे पडला, की ड्राइव्ह काही प्रमाणात आपला वेग कमी करतो. तेवढ्यानेही भागले नाही, तर टेप थांबवून, थोडी मागे नेऊन पुन्हा सुरू करावी लागते, आणि त्यात टेप व ती वाचणारे-लिहिणारे हेड दोन्ही झिजतात. माहिती एक गिगाबिटच्या नेटवर्कवरून येत असेल, तर सेकंदाला १२५ मेगाबाइटच्या वर ती येऊच शकत नाही. म्हणून सर्व फाइल आधी सर्व्हरच्याच डिस्कवर एका मोठ्या फाइलमध्ये गोळा कराव्यात आणि तेथून टेपवर लिहाव्यात. हेड साफ करणारी क्लीनिंग टेप मात्र ड्राइव्हने मागितल्यावरच लावावी, कारण तिच्या अनावश्यक वापरानेही हेड झिजते.