नागपूरच्या मिहानमधल्या कंपनीत नव्यानं लागलेल्या मित्रा

पगार वाढला की बरं वाटतं, यात खोटं काही नाही. आधी घराचा हप्ता, आईबाबांचा मेडिक्लेम मार्गी लाव. कर्ज काढून दानधर्म नको. पण बढतीचा आनंद फार टिकत नाही, हे मी ऑफिसात कितीतरी जणांचं पाहिलंय. केबिन मिळाली की नजर लगेच पुढच्या केबिनवर.

२००८ साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. लोकांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर दिले. काहींनी ते स्वतःवर खर्चायचे, काहींनी दुसऱ्यांवर. संध्याकाळी दुसऱ्यांवर खर्चणारे जास्त खूश होते, आणि रकमेनं फरक पडला नाही. म्हणून मोठा साहेब होईपर्यंत थांबू नको, बाप्पा! बाबा आमटे तर वरोऱ्यातली वकिली सोडून कुष्ठरुग्णांकडे वळले. तेवढं तुला कोणी मागत नाही.

आपल्या मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, गडचिरोली-चंद्रपूरहून पेशंट येतात. कोणता कागद कुठं द्यायचा, हेच नातेवाइकांना कळत नाही. सुट्टीच्या शनिवारी तासभर त्यांच्यासोबत फीर. दर तीन महिन्यांनी रक्त दे. नुसते पैसे पाठवून मोकळा होऊ नकोस, माणूस समोर असू दे. या शनिवारी मी जातोय, येतोस का?