बाबांना पुण्याच्या बाई का मानवल्या नाहीत?

टोरांटोच्या ताई, गावी मनानं खचलेल्या बाबांसाठी तुम्ही पुण्याच्या समुपदेशक बाई ऑनलाइन ठरवल्यात. त्याबद्दलच्या तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं: ‘बाई मराठी आहेत, अनुभवी आहेत, फी मी भरते, तरी बाबा दुसऱ्यांदा स्क्रीनसमोर बसलेच नाहीत.’ ताई, रागावू नका, पण बाई ठरवताना बाबांना एका शब्दानं तरी विचारलंत का?

पुढे तुम्हीच लिहिता की बाईंनी त्यांना ‘भावाला स्पष्ट नाही म्हणायला शिका’ असं सांगितलं. बाबांच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या गावात विहीर सामाईक, ओलिताची पाळी भावाशीच ठरवायची. तिथे हा सल्ला कोण ऐकेल? बाई वाईट नाहीत. त्या ज्या घरात वाढल्या, तिथे आपला निर्णय आपण घेणं हीच निरोगी मनाची खूण. ते मोजमाप घेऊनच त्या बसतात, आणि त्याची जाणीव नसली की घोटाळा होतो. बाबा म्हणाले, ‘जीव घाबराघुबरा होते, अन्न गोड लागत नाही.’ बाईंनी पित्ताची तपासणी सुचवली! आपल्याकडची जुनी माणसं मनाचं दुखणं असंच अंगावर घालून सांगतात, हे तुम्हाला-मला सांगावं लागत नाही.

मग गावचाच माणूस शोधायचा? तसंही नाही. माझ्या पुसदच्या काकांना भावकीतलाच समुपदेशक मिळाला होता. काका पाऊसपाणी आणि सोयाबीनचे भाव बोलून उठायचे. कर्जाचं नाव नाही, कारण गोष्ट भावकीत फुटेल ही धास्ती. त्यालाही वाटायचं, काकांचं मला सगळं ठाऊक आहे, विचारायचं काय? पुढे नागपूरच्या एका डॉक्टरीणबाई भेटल्या. कपाशीची पऱ्हाटी त्यांनी कधी जवळून पाहिली नव्हती. त्यांनी विचारलं, ‘हे कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं? घरचे काय म्हणतात?’ काका मोकळे झाले. असे १६ प्रश्न अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या ग्रंथात दिलेले आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीवरचे कार्यकर्ते शिकवून तयार केले, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. गावचा माणूस चालतो, पण विचारायला शिकलेला हवा.

म्हणून पुढच्या समुपदेशकाला आधीच विचारा: तुम्ही कुठे वाढलात? शेतकरी घरातल्या माणसांबरोबर काम केलंय का? बाबांचं काही कळलं नाही तर त्यांनाच विचाराल ना? उत्तर देताना जो चिडेल, तो नको.

शेत विकायचा विषय बाबा सावरेपर्यंत काढू नका.

एक मात्र आजच करा. फवारणीचं औषध घरात असेल तर चुलत्यांना सांगून त्यांच्याकडे कुलपात ठेवायला लावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही त्यांच्या फोनमध्ये टाकायला सांगा. तिथे रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं. ‘आता जगून काय करू’ असं बाबा बोलले, तर चुलत्यांनी त्यांना एकटं सोडू नये आणि तिथूनच फोन लावावा.