जन्मभर हिंडलो, आता चियांग माईत स्थायिक व्हावे का?

प्रश्न : मी ६४ वर्षांचा निवृत्त प्राध्यापक असून सांगलीत राहतो. तरुणपणापासून प्रवासाची ओढ असल्याने सुट्टी मिळेल तेव्हा नेपाळ, श्रीलंका, व्हिएतनाम, थायलंड असा हिंडत आलो. पत्नीच्या निधनानंतर गेली काही वर्षे डिसेंबर महिना उत्तर थायलंडमधील चियांग माई येथे काढतो आणि आता तिथेच कायमचे राहावे असे मनाने घेतले आहे. मला शासकीय निवृत्तिवेतन आहे, सांगलीत स्वतःचे घर आहे, गावी थोडी शेतजमीन आणि पीपीएफचे खाते आहे. दम्याचा सौम्य त्रास सोडल्यास प्रकृती ठीक आहे. पुण्यात राहणाऱ्या मुलीचा या बेताला विरोध आहे. घर विकून जावे का, आणि जाण्यापूर्वी कशाकशाचा विचार करावा?

उत्तर : आपली इच्छा मला अवास्तव वाटत नाही. साठीनंतर माणसाने नव्या गावी बिऱ्हाड करू नये असा काही नियम नाही, आणि परक्या मुलुखात एकट्याने वावरण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्या माणसाला ते इतरांपेक्षा सोपेही जाईल. घर मात्र आत्ता विकू नका, एवढे मी सुरुवातीलाच आग्रहाने सांगते.

याचे पहिले कारण आपल्याच पत्रात आहे. आपण चियांग माई पाहिले ते डिसेंबरात, म्हणजे हवा थंड, आकाश निरभ्र आणि दोई सुथेपचा डोंगर शहरातून स्वच्छ दिसतो अशा दिवसांत. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत तिथले चित्र वेगळे असते. भाताची व मक्याची कापणी झालेली शेते जाळली जातात, डोंगरांतल्या जंगलांना वणवे लागतात, सीमेपलीकडच्या म्यानमार व लाओसमधूनही धूर येतो आणि शहर डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात असल्याने तो आठवडेच्या आठवडे तिथेच कोंडून राहतो. या काळात काही दिवस चियांग माईची गणना जगातील सर्वांत प्रदूषित शहरांमध्ये होते. धडधाकट माणसेही तेव्हा दारे-खिडक्या बंद करून हवा शुद्ध करणारे यंत्र लावून बसतात. दमा असलेल्या माणसाने तर हा ऋतू स्वतः अनुभवल्याखेरीज कोणताही निर्णय घेऊ नये. तिथे राहणारे अनेक परदेशी लोक हे महिने दक्षिणेकडे किंवा मायदेशी काढतात, आणि आपणही तसे करू शकता. पण त्यासाठी परतायला सांगलीचे घर हवे. प्रवासी म्हणून आपण आजवर हवा बिघडली की मुक्काम हलवत आलात. येत्या वर्षी भाड्याने खोली घेऊन मार्च व एप्रिल मुद्दाम तिथे राहून पाहा, मात्र आधी फुप्फुसांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.

निवृत्तांसाठी थायलंडचा दीर्घ मुदतीचा व्हिसा आहे. त्यासाठी वयाची ५० वर्षे पूर्ण असावी लागतात आणि बँकेत ८ लाख बाट, म्हणजे वीस लाखांहून अधिक रुपये, किंवा दरमहा ६५ हजार बाट उत्पन्न दाखवावे लागते. या परवान्याची मुदत दरवर्षी वाढवून घ्यावी लागते, दर ९० दिवसांनी इमिग्रेशन कार्यालयात आपला पत्ता कळवावा लागतो आणि मध्येच भारतात यायचे असल्यास निघण्यापूर्वी पुनःप्रवेशाची परवानगी काढावी लागते, अन्यथा परवाना संपुष्टात येतो. या व्हिसावर नोकरी करता येत नाही. म्हणून एखाद्या शाळेत शिकवण्याचा विचार मनात असल्यास तो बाजूला ठेवा. परदेशी व्यक्तीला तिथे स्वतःच्या नावावर जमीन घेता येत नाही. इमारतीतील सदनिका घेता येते, पण इमारतीच्या एकूण विक्रीयोग्य क्षेत्रापैकी ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी लोकांची मालकी चालते. माझे मत विचाराल तर आपण ती घेऊच नये; या वयात भाड्याचे घर बरे.

भारतातील व्यवहारांचा विचार प्रवासी मंडळी बहुधा सर्वांत शेवटी करतात. आपण अनिश्चित काळासाठी राहण्याच्या हेतूने देश सोडलात की परकीय चलनविषयक कायद्यानुसार अनिवासी ठरता, आणि आपले बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या रुपयांतील खात्यात बदलून घ्यावे लागते. पीपीएफचे खाते मुदत पूर्ण होईपर्यंत चालू राहते, पण अनिवासी झाल्यावर पुढे मुदतवाढ मिळत नाही. आपल्या नावावर असलेली शेतजमीन ठेवता येते; नवी विकत घेता येत नाही. निवृत्तिवेतन परदेशात राहूनही मिळते, मात्र नोव्हेंबरातील हयातीचा दाखला चुकवू नका. चियांग माईत भारताचा वाणिज्य दूतावास आहे, त्यामुळे अशा कागदांसाठी बँकॉक गाठावे लागणार नाही. कराच्या बाबतीत मात्र सावध राहा. वर्षात १८० दिवस किंवा त्याहून अधिक काळ राहणारा माणूस थायलंडमध्ये करदृष्ट्या रहिवासी ठरतो, आणि १ जानेवारी २०२४ पासून अशा रहिवाशाने परदेशातील उत्पन्न तिथे आणल्यास ते करपात्र होऊ शकते. एकाच उत्पन्नावर दोनदा कर बसू नये म्हणून दोन्ही देशांमध्ये करार आहे. आपल्या निवृत्तिवेतनाला तो कसा लागू होतो, हे अनिवासी भारतीयांची कामे पाहणाऱ्या सनदी लेखापालाकडून लेखी घ्या.

आता आपल्या मुलीविषयी. तिचा विरोध आपल्या प्रवासाला नसावा; रात्री-अपरात्री बाबांना श्वास लागला तर कोण असेल, हा तिचा प्रश्न असावा, आणि तो रास्त आहे. चियांग माईतील वैद्यकीय सेवा चांगली आहे, तिथल्या विद्यापीठाचे महाराज नकोर्न हे मोठे रुग्णालय शहरातच आहे. प्रश्न खर्चाचा आहे. भारतातील सर्वसाधारण आरोग्य विमा देशाबाहेरच्या उपचारांना लागू होत नाही, आणि तिथला विमा आपल्या वयाला महाग पडेल; शिवाय आधीपासून असलेला दमा त्यातून वगळला जाण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून ज्याला कधीच हात लावायचा नाही असा उपचारनिधी वेगळा ठेवा, आणि भारतातला विमा बंद करू नका, कारण एकदा खंडित झाल्यावर या वयात तो पुन्हा मिळणे कठीण असते.

मुलीला कुलमुखत्यारपत्र करून द्या, म्हणजे सांगलीचे घर आणि सात-बाराची कामे अडणार नाहीत. ते निघण्यापूर्वीच इथे नोंदवणे सोयीचे. परदेशात केले तर दूतावासात साक्षांकित करून महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. इच्छापत्रही आताच करा, आणि मृत्यू तिकडेच आला तर अंत्यविधी कुठे व्हावा हे तिच्याशी मोकळेपणाने बोला. थायलंडमध्ये बौद्ध विहारांतून दहनाचीच रीत असल्याने तिथे दहन होणे अवघड नाही. अस्थी आणायच्या की तिथल्याच पिंग नदीत सोडायच्या, हे आपण सांगितलेत तर तो भार तिच्या एकटीवर पडणार नाही. पुढच्या डिसेंबरात तिलाही बरोबर न्या आणि आपला दवाखाना, घरमालक आणि शेजारी तिला दाखवा.