वचनं तोंडपाठ, पण तिकिटाच्या खिडकीवर काय?

सलाम गं बाई. मावशी म्हणून हाक मारलीस तेव्हा मीही अगं-तुगंच करते, राग मानू नकोस. मेलबर्नहून एवढं मोठं पत्र टाइप केलंस, तेही मराठीत, त्यातच तुझी तळमळ दिसते.

पत्रात बरंच काही विचारलंयस, मराठी बायबल, छडी, चर्च, फेब्रुवारीतली सुट्टी, ते सगळं शेवटी बघू. मी अडकले ती मधल्या चार ओळींवर. तुझ्याच शब्दांत परत वाचून दाखवते: "मावशी, संडे स्कूलमध्ये नीतिसूत्रांच्या वचनांसाठी त्याला बक्षीस मिळालं आणि त्याच आठवड्यात शाळेतून मेल आला की मित्राची असाइनमेंट त्याने जशीच्या तशी उतरवून दिली. विचारलं तर म्हणतो एव्हरीबडी डज इट. वर आम्हालाच ऐकवतो की थीम पार्कच्या तिकिटाला तुम्हीच नाही का माझं वय बारा सांगितलं. असो, हल्लीची मुलं उलटून बोलतात."

असो कसं म्हणतेस गं? पोरगा चौदाचा. उलटून बोलला नाही तो, हिशोब मांडला त्याने, आणि हिशोब बरोबर आहे.

आमच्या वडिलांचं इथे नाशकात शरणपूरला छोटं किराणा दुकान होतं. गूळ तोलला की थोडा पारड्याला चिकटायचाच. आता मालाच्या पारड्याला गूळ राहिला की ते पारडं तेवढं जड, म्हणजे पुढच्या गिऱ्हाईकाला साखर असो डाळ असो, तेवढी कमी जाणार. म्हणून ओलं फडकं घेऊन पारडं पुसायचं काम आम्हा पोरांना, आणि पुसून झालं की वडील रिकामा तराजू उचलून काटा मधोमध येतोय का बघायचे, पासंग असेल तर तो काढायचे आणि मगच पुढचं माप. पिशवी घेऊन आईने पाठवलेलं सहा वर्षांचं पोर समोर उभं असलं, ज्याला काट्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी तेच. दुकानात त्यांनी कधी वचन म्हणून दाखवलं नाही. पुढे बायबलातल्या नीतिसूत्रांत खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो हे वाचलं तेव्हा मला ते नवीन वाटलंच नाही, घरचंच वाटलं.

आणि बघ, त्या एकतीस अध्यायांच्या पुस्तकात ही गोष्ट एकदा सांगून भागवलेलं नाही. 11:1 ला आहे, 16:11 ला आहे (थैलीतली सगळी वजनंसुद्धा परमेश्वराची म्हटलंय तिथे), मग विसाव्या अध्यायात दोनदा, 10 ला आणि 23 ला. मुलांना आपण मुंगीचं वचन पाठ करून घेतो, मृदू उत्तराचं घेतो, आणि तराजूचं सोडून देतो कारण आता घरात तराजू कुठाय. पण आहे ना गं! एअरपोर्टला केबिन बॅग जड झाली की सोडायला आलेल्या भावाच्या हातात देऊन आपण काउंटरवर हलके होऊन जातो, तो तराजूच. मुंबईच्या विमानात बसून शाळेला "ताप आलाय" असा मेल करतो. जॅकेट चार दिवस घालून, टॅग आत खोचून, दुकानात परत करतो. आणि हे सगळं मुलं शेजारी उभी असताना करतो.

मला कळतं का करतो ते. मस्कतला आमची सुरुवातीची वर्षं एकेक रियाल मोजत गेली, घरी पैसे पाठवायचे, खोलीचं भाडं, त्यात कुठे दोन पैसे वाचले की जीव सुखावतो. परक्या देशात आपलं कोणी नाही आणि इथल्या कंपनीचं काय जातंय असं वाटतं. पण दानिएल आठव ना. तोही परदेशात नेलेला पोरगा, तुझ्या मुलासारखं त्याचंही नाव तिथल्या लोकांनी बदललं, बेल्टशस्सर केलं. सिंहांची गुहा सगळ्या संडे स्कूलवाल्यांना माहीत आहे, त्याच्या आधीचं कोणी वाचत नाही. सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला 120 प्रांताधिकारी आहेत, त्यांच्यावर तीन अध्यक्ष, राजाचं नुकसान होऊ नये म्हणून, आणि दानिएल त्या तिघांतला. जळणाऱ्यांनी आधी त्याचं कामकाजच तपासलं, चौथ्या वचनात, आणि एक चूक सापडेना, म्हणून मग त्याच्या प्रार्थनेवर आले. परक्या राजाच्या कामात इतका चोख होता तो.

आता करायचं काय. लेवीय 6:5 मध्ये स्पष्ट आहे, फसवून घेतलेलं पूर्ण परत करायचं आणि वर पाचवा हिस्सा. येशूला भेटलेल्या जकातदार जक्कयाने तर चौपट देऊ केलं. तुम्ही नवराबायकोने मुलाला शेजारी बसवून पार्कला मेल लिहा, वय खोटं सांगितलं, फरक किती होतो, तो कसा भरू. ते हसतील, उत्तरही देणार नाहीत कदाचित, मग तेवढे पैसे पाचवा हिस्सा धरून दान करा, पण मेल गेलाच पाहिजे आणि त्याने तो वाचला पाहिजे. त्याच्यासमोर "आमचं चुकलं" म्हणा, "पण तेव्हा गर्दी होती" वगैरे शेपूट न लावता. त्यानंतरच त्याला सांग की टीचरकडे स्वतः जा आणि असाइनमेंट नव्याने लिहून दे. शाळेने मार्क कापले तर कापू देत, रदबदली करायला जाऊ नकोस. नीतिसूत्रे 28:13 त्या संध्याकाळी वाचा, जो दोष कबूल करून सोडून देतो त्याच्यावर दया होते, ते त्याला तेव्हा लागेल.

बाकीचं. नवऱ्याला सांग छडीचं वचन दाखवतोस तर इफिस 6:4 पण दाखव, बापांनो मुलांना चिडीस आणू नका. तुमच्याकडे हात उचलण्याचे कायदे वेगळे आहेत ते आणखी निराळंच. मराठी बायबल वाचता येत नाही तर ऐकव, गाडीत लाव, अनुवाद 6:7 मध्ये वाटेने चालताना बोला असंच म्हटलंय. चर्च मुलं जिथे जातील ते. आणि फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला नाशिकरोडला जरूर आणा दोघांना, आजी वाट बघतेय. फक्त शाळेत सुट्टीचं खरं कारण लिहा, आणि टीचर काय म्हणाली ते मला कळव.