शेवट माहीत असतानाही लोक अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची जाडजूड चरित्रं का वाचतात?

शेवट आपल्याला माहीत असतो, चरित्रनायकाला नसतो. १२ एप्रिल १९४५ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट वारले आणि त्यांच्या जागी हॅरी ट्रूमन आले, तेव्हा ट्रूमन उपराष्ट्राध्यक्ष होऊन जेमतेम ८२ दिवस झाले होते. अणुबाँबची सविस्तर माहिती त्यांना मिळाली थेट २५ एप्रिलला. पुढे ऑगस्टमध्ये काय झालं ते ठाऊक असूनही मधले दिवस वाचताना माझा जीव टांगणीला लागतो.

पण मला सगळ्यात जास्त ओढ लावली ती रॉबर्ट कॅरो यांनी लिहिलेल्या राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या चरित्राने. माणूस समजावा म्हणून कॅरो पत्नीसह न्यूयॉर्क सोडून टेक्सासच्या हिल कंट्रीत, म्हणजे जॉन्सन वाढले त्या भागात, राहायला गेले. जॉन्सनच्या लहानपणाचे ठरावीक किस्से सगळेच सांगत, धाकटा भाऊ सॅम ह्यूस्टनसुद्धा. कॅरोंनी त्याला संध्याकाळी जुन्या घरात नेलं, जेवणाच्या टेबलावर त्याच्या लहानपणीच्या जागेवर बसवलं आणि स्वतः त्याच्या पाठीमागे बसले. वडील आणि लिंडन यांची भांडणं आठवता आठवता तो त्या काळात शिरला. मग कॅरोंनी ते जुने किस्से पुन्हा विचारले, तर म्हणाला, तसं काही घडलंच नव्हतं! खरं काय ते त्यानंतर बाहेर आलं. हे वाचल्यापासून मी कुठल्याही चरित्रातला गोड किस्सा सहज मान्य करत नाही.

त्याच भागातल्या एका म्हातारीने कॅरोंना विहिरीतून भरलेली बादली ओढायला लावली. वीज नव्हती तेव्हा बायका रोज असंच पाणी शेंदायच्या, पाठीला बाक यायचा. तरुण खासदार जॉन्सन तिथे वीज आणतो ते पान येतं तेव्हा सत्ता कशासाठी असते ते कळतं. आणि हाच माणूस १९४८ला सिनेटच्या उमेदवारीची लढत ८७ मतांनी जिंकतो, तीही मतं चोरून. कॅरो दोन्ही गोष्टी तितक्याच ताकदीने मांडतात, म्हणून मी त्यांच्यावर विश्वास ठेवते.

उलट १९९९च्या रेगन चरित्रात एडमंड मॉरिस यांनी चक्क काल्पनिक निवेदक घुसवला. लेखणी सुंदर, पण प्रत्येक प्रसंगाला ‘हे खरंच झालं का?’ असं विचारावं लागतं, आणि मग चरित्र वाचण्यात अर्थ उरत नाही.

सुरुवात करायची असेल तर कॅरोंचा १९८२चा पहिला खंड घ्या. जाडी बघून दडपण आलं, तर विजेआधीच्या बायकांच्या कष्टांवरचं प्रकरण आधी वाचा.